पीयूसी फिजिक्स: उतारावरचा ब्लॉक आणि गच्चीवरचा चेंडू, दोन गणितं अडलीत

खानापूर_पीयूसी

नमस्कार. मी पीयूसी फर्स्ट इयर सायन्सला, म्हणजे अकरावीला आहे, कॉलेज बेळगावात. घर खानापूरच्या पुढं, रोज बसनं जाऊन-येऊन करते. दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत होते. विज्ञानात मार्क चांगले पडायचे म्हणून सायन्स घेतलं. आता वर्गात सगळं इंग्रजीतून चालतं, मधेमधे कन्नडमधून समजावतात. कन्नड मला बोलायला येतं, पण गणित डोक्यात मराठीतच चालतं. फळ्यावर सोडवलेलं गणित बघताना सगळं कळतं. घरी येऊन वही उघडली की एकही सुटेना झालंय. वर्गात ऐंशी पोरं, बेल झाली की दुसरे सर येतात, विचारायचं राहूनच जातं.

पहिलं गणित: ५० किलोचा ब्लॉक ३० अंशाच्या उतारावरून खाली घसरतोय. घर्षणाचा गुणांक, म्हणजे म्यू, ०.२. त्वरण काढा. मी असं केलं. वजन म्हणजे एमजी, ५० × ९.८ = ४९० न्यूटन. उतारावरून खाली ओढणारं ४९० × साईन ३० = २४५. नॉर्मल म्हणजे एमजी, ४९०. घर्षण ०.२ × ४९० = ९८. २४५ − ९८ = १४७, भागिले ५०, आलं २.९४. पुस्तकात ३.२ दिलंय. तीनदा केलं, तेच येतंय.

दुसरं: २० मीटर उंच गच्चीवरून चेंडू सरळ वर १५ मीटर प्रति सेकंद वेगानं फेकला. जी, म्हणजे गुरुत्वाचं त्वरण, १० धरायचा. जमिनीवर यायला किती वेळ लागेल? एस बरोबर यूटी अधिक अर्धा जीटी वर्ग हे सूत्र लावलं. २० = १५टी + ५टी वर्ग. त्यातून टी = १ किंवा −४. वेळ उणे नसतो म्हणून १ लिहिलं. पुस्तकात ४ सेकंद आहे.

नुसतं उत्तर नको, मी कुठं चुकते ते सांगा की. सगळे म्हणतात फॉर्म्युले पाठ कर. माझ्या भिंतीवर सगळ्या फॉर्म्युल्यांचा तक्ता चिकटवलाय. तरी कुठला कुठं लावायचा तेच कळेना.

टिळकवाडी_मेकॅनिकल

उतारावर नॉर्मल एमजी नसतो, एमजी कॉस थीटा असतो, थीटा म्हणजे उताराचा कोन. थेट लक्षात ठेव: त्वरण = जी × (साईन थीटा − म्यू × कॉस थीटा). म्हणजे ९.८ × (०.५ − ०.१७३) = ३.२. केसीईटीला, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेला, वेळ कमी असतो, हे एका ओळीत सुटतं. दुसऱ्या गणितात जी उणे घे, ४ येईल.

खानापूर_पीयूसी

थँक्यू दादा, दोन्ही उत्तरं आली. पण कॉस कुठून आला? आणि उद्या त्याच उतारावर ब्लॉक दोरीनं वर ओढायचं गणित आलं तर हे सूत्र चालेल का? जी उणे का घ्यायचा हे पण कळलं नाही. आधीच्या गणितात तर अधिक घेतला होता आणि उत्तर बरोबर आलं होतं.

जुना_विज्ञान_शिक्षक

बाळ, "कॉस कुठून आला" हे विचारलंस, फार बरं केलंस. तिथंच थांबून बघायला पाहिजे.

मी एकतीस वर्षं खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान आणि गणित शिकवलं, मराठी माध्यमात. त्याआधी मीही तुझ्यासारखाच गावच्या शाळेतून उठून बेळगावच्या कॉलेजात जाऊन बसलो होतो. पहिल्या सहामाहीला फिजिक्समध्ये शंभरात अठ्ठावीस पडले. वडिलांना काय सांगायचं म्हणून त्या शनिवारी गावाकडं गेलोच नाही. तेव्हा खोलीवरच्या एका मोठ्या मुलानं मला जे शिकवलं, तेच मी पुढं एकतीस वर्षं माझ्या मुलांना सांगत आलो. सूत्र शेवटी लिहायचं. आधी वस्तू एकटी काढायची.

पुस्तकातल्या ब्लॉकच्या जागी भाताचं पोतं घे. सुगीनंतर ट्रॉलीतून पोती उतरवताना तिरकी फळी लावतात, ती तू बघितली असशील. आता वहीच्या रिकाम्या पानावर फक्त पोतं काढ. फळी नको, ट्रॉली नको, जमीन नको. मग विचार: या पोत्याला कोण कोण लागून आहे? फळी. आणखी कोण? कोणी नाही. आणि न शिवता ओढणारं कोण? पृथ्वी. संपली यादी.

पृथ्वी सरळ खाली ओढते, ४९० न्यूटन. फळी दोन कामं करते. पोतं आपल्यात घुसू नये म्हणून ती त्याला स्वतःशी काटकोनात बाहेर ढकलते, तो नॉर्मल. आणि पोतं घसरतंय त्याच्या उलट दिशेनं ती त्याला अडवते, ते घर्षण. तीन बाण झाले. तू काढलेलं "खाली ओढणारं २४५" हा चौथा बाण नव्हे, तो पृथ्वीच्याच बाणाचा तुकडा आहे. पुष्कळ मुलं आकृतीत तो वेगळा काढतात आणि वजन दोनदा मोजून बसतात. तू ते केलेलं नाहीस.

तुझी गाडी "नॉर्मल म्हणजे एमजी" या ओळीवर अडली. त्या शब्दाचाही दोष आहे. नॉर्मल म्हटलं की आपल्याला नेहमीचं, साधं, असं ऐकू येतं. इथं त्याचा अर्थ काटकोनातलं एवढाच. आमच्या मराठी पुस्तकांत अभिलंब म्हणायचे, त्यात घोटाळा व्हायचा नाही. जमिनीवर ठेवलेल्या पोत्याला अभिलंब बल वजनाइतकंच असतं, कारण तिथं दुसरं काही चाललेलं नसतं. पहिल्या धड्यातली सगळी उदाहरणं तशीच असतात, म्हणून मुलांच्या मनात ते नियमासारखं बसतं.

आता मनातल्या मनात ती फळी हळूहळू उचल. आडवी असताना पोत्याचा सगळा भार फळीवर, ४९०. उचलत उचलत ती भिंतीसारखी उभी केलीस. आता पोतं फळीवर किती रेलतंय? काहीच नाही, ते फळीच्या शेजारून सरळ खाली पडतंय. म्हणजे अभिलंब बल शून्य. आडव्याला ४९० आणि उभ्याला शून्य, तर मधे ३० अंशाला ते ४९० राहील का? कमी व्हायलाच पाहिजे. मग किती कमी? शून्य अंशाला पूर्ण आणि ९० ला शून्य होणारं कोण, साईन का कॉस? कॉस. उतारावरून खाली ओढणारा तुकडा याच्या उलट. आडव्या फळीवर तो शून्य, उभ्या फळीशेजारी पूर्ण ४९०. म्हणून तिथं साईन. त्रिकोण काढून कोन कुठं येतो ते नीट सिद्ध कर, परीक्षेत ते लागतं. पण त्रिकोण काढताना कोन उलटा बसला तर फळी उचलून बघितल्यावर लगेच कळतं. मी अजूनही उचलून बघतो.

मग तिरक्या फळीचा हिशेब. पोतं फळीतून आत जात नाही आणि फळी सोडून वर उडतही नाही. म्हणजे फळीच्या काटकोनातल्या दिशेत सगळं बरोबरीत आहे. अभिलंब बल = ४९० × ०.८६६ = ४२४ न्यूटन. घर्षण ०.२ × ४२४ = ८५ च्या आसपास. २४५ − ८५ = १६०. भागिले ५०, ३.२. पोत्यावर ५० किलो लिहिलेलं असतं त्याला बाजारात आपण वजन म्हणतो, इथं ते वस्तुमान, आणि वजन म्हणजे ४९० न्यूटन. हे तू बरोबर केलंयस, पण शब्दही तसाच वापरायची सवय लाव.

दोरीचं विचारलंस. वर दिलेलं एका ओळीचं सूत्र तिथं चालणार नाही. वर ओढताना पोतं वर सरकतं, म्हणून घर्षण खालच्या बाजूला येतं, चिन्ह फिरतं. दोरी फळीला समांतर न धरता जरा उचलून धरली तर दोरीच पोत्याचा थोडा भार घेते, आणि मग अभिलंब बल एमजी कॉस थीटासुद्धा राहत नाही, त्याहून कमी होतं. पोत्याला लागून कोण आहे या यादीत दोरी आली की हे आपोआप सुटतं. सूत्र पाठ केलेल्या मुलाला प्रत्येक वेळी नवं सूत्र पाठ करावं लागतं.

टिळकवाडीच्या मुला, तुझं उत्तर बरोबर आहे आणि परीक्षेत तो वेग लागतोच, ते मी नाकारत नाही. फक्त ही मुलगी अजून उंबऱ्यावर उभी आहे.

चेंडूचं उद्या लिहितो. आज पोत्यावरच थांब, आणि वहीत दोरीचं एक गणित स्वतः तयार करून बघ.

उद्यमबाग_मशीनशॉप

सरांनी फळीचं लिहिलंय म्हणून मीबी लिहितो. मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, एका शॉपात कामाला हाय. फाउंड्रीतनं आलेली कास्टिंगं टेम्पोतनं उतरवताना आम्ही फळी लावतो. फळी थोडी उचलली तर कास्टिंग तसंच बसून ऱ्हातंय. आणखी उचलली की एका ठिकाणाला आपोआप सुटतंय. आणि एकदा सुटलं की त्याच उतारावर मधे कुठं थांबत नाही, वेग घेत जातंय. म्हणून आमच्यात फळीच्या पुढं कुणाला उभं करत नाहीत. फळीवर मोल्डिंगची वाळू सांडलेली असली की तेच कास्टिंग लवकर सुटतंय.

ताई, तू घरात करून बघ. जेवायचा नको, लांब पाट नाहीतर फळी घे. त्याच्यावर कंपास ठेव. एक टोक हळूहळू उचल. कंपास सुटेल तिथं हात थांबव. उचललेल्या टोकाची जमिनीपासून उंची मोज, आणि त्या टोकाच्या बरोबर खालच्या जागेपासून दुसऱ्या टोकापर्यंत जमिनीवरचं अंतर मोज. उंचीला अंतरानं भाग. तोच तुझा म्यू. आयटीआयला आमच्या मास्तरनी असंच काढून दाखवलं होतं, अजून विसरलो नाही.

निपाणी_बीएस्सी

मी पण मराठी शाळेतून आलेय, चार वर्षांपूर्वी. मला फिजिक्स अडलं नव्हतं, गणिताची भाषा अडली होती. इंग्रजी गणितात काही शब्द साधे दिसतात, पण ते हुकूम असतात. ते कुणी सांगत नाही, म्हणून माझ्या वहीच्या शेवटच्या पानावरचे देते.

"स्मूथ" लिहिलं असेल तर घर्षण धरायचंच नाही. "रफ" म्हणजे धरायचं. "फ्रॉम रेस्ट" म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य, तो आकडा गणितात दिसत नाही पण दिलेला असतो. "लाइट स्ट्रिंग" म्हणजे दोरीचं वस्तुमान शून्य धरायचं. मी किती दिवस ते उजेडाचं काहीतरी समजत होते. "युनिफॉर्म व्हेलॉसिटी" म्हणजे वेग बदलत नाही, म्हणजे त्वरण शून्य, म्हणजे सगळी बलं मिळून शून्य. या एका शब्दात अर्धं गणित असतं.

"ड्रॉप्ड" म्हणजे सोडला, "थ्रोन" म्हणजे फेकला. सोडला तर सुरुवातीचा वेग शून्य. पण वर चढणाऱ्या बलूनमधून सोडला असेल तर शून्य नव्हे! सोडताना बलूनचा जो वेग तोच दगडाचा, आणि तो वरच्या दिशेला. दगड आधी थोडा वर जातो, मग खाली येतो. यात माझे पाच मार्क गेले होते.

मी आधी सगळं गणित मराठीत एका वाक्यात लिहायचे, मग सोडवायचे. वेळ जायचा, पण दोन महिन्यांत सवय झाली. आता इंग्रजीतच वाचते.

घटप्रभाकाठ

सोडल्याचं उदाहरण आमच्या गोकाकचं घ्या. धबधब्याची उंची साधारण ५२ मीटर. कड्यावरून पाणी नुसतं सुटतं असं धरा, खालच्या दिशेनं सुरुवातीचा वेग शून्य. ५२ = ४.९ × टी वर्ग, टी ३.३ सेकंदांच्या आसपास. खाली पोचताना वेग ९.८ × ३.३ म्हणजे सुमारे ३२ मीटर प्रति सेकंद, तासाला ११५ किलोमीटर. खरं पाणी फुटतं, हवा अडवते, म्हणून एवढा वेग मिळत नाही. पण पावसाळ्यात धबधब्याजवळ उभं राहिलं की तुषार कुठवर येतात ते बघा, आकडा खोटा वाटत नाही.

जुना_विज्ञान_शिक्षक

उद्यमबागेच्या भावानं सांगितलेलं करून बघच. आणि निपाणीच्या मुलीचं पान वहीत उतरवून घे, ते मला आधी सुचायला पाहिजे होतं.

आता चेंडू. तुझं १ सेकंद हे उत्तर खोडायच्या आधी एकदा बघ. चेंडू १५ नं वर चाललाय, दर सेकंदाला त्याचा वेग १० नं कमी होतोय. नुसतं वर जाऊन थांबायलाच त्याला दीड सेकंद लागतं. मग एका सेकंदात तो जमिनीवर कसा पोचेल? हा प्रश्न सूत्राला विचारायचा नसतो, आपण आपल्याला विचारायचा. उत्तर आल्यावर डोळे मिटून तो चेंडू एकदा डोळ्यांपुढं आणायचा, दहा सेकंदाचं काम आहे.

चूक कुठं झाली? तू दिशा ठरवलीच नाहीस. पृथ्वी खाली ओढते, चेंडू वर जातो, जमीन खाली आहे. तीन गोष्टी, दोन दिशा, आणि तू तिन्हींना अधिक चिन्ह दिलंस. आधीच्या गणितात अधिक चाललं, कारण तिथं बहुतेक सगळं खालीच चाललं असेल, सोडलेला दगड वगैरे. जी उणे असतो असा काही नियम नाही. कुठली दिशा अधिक हे तू ठरवायचं, पानावर एक बाण काढून त्याच्याजवळ अधिक लिहायचं, आणि गणित संपेपर्यंत तो बदलायचा नाही.

गच्ची शून्य धर, वर अधिक. चेंडूचा वेग +१५. पृथ्वीचं त्वरण −१०. जमीन −२० वर. चेंडू किती अंतर फिरला याच्याशी आपल्याला काम नाही, तो शेवटी कुठं आहे याच्याशी काम आहे. विस्थापन आणि अंतर यांतला फरक नववीत शिकलीस, तो इथं कामाला येतो. −२० = १५टी − ५टी वर्ग. सगळं एका बाजूला घेऊन ५ नं भाग: टी वर्ग − ३टी − ४ = ०. उत्तरं ४ आणि −१.

ताळा दोन टप्प्यांनी कर. वर जायला १.५ सेकंद, तेवढ्यात तो ११.२५ मीटर चढला. आता तो जमिनीपासून ३१.२५ मीटरवर थांबलेला आहे. तिथून खाली यायला: ३१.२५ = ५टी वर्ग, टी वर्ग = ६.२५, टी = २.५. एकूण ४. वाट वेगळी, गाव तेच.

आता मला या गणितातलं सगळ्यात आवडणारं. आपण टाकून देतोय ती दोन्ही उत्तरं, तुझं १ आणि आताचं −१, अर्थाची आहेत. तुझं १ सेकंद हे चेंडू गच्चीवरून १५ नं खाली फेकला असता त्याचं उत्तर आहे: १५ + ५ = २०, बरोबर एका सेकंदात जमीन. म्हणजे तू गणित बरोबर सोडवलंस, पण दुसऱ्या चेंडूचं. आणि बरोबर समीकरणातलं −१? समज, चेंडू गच्चीवरून फेकलाच नव्हता, एक सेकंद आधी जमिनीवरून कुणीतरी वर फेकला होता. २५ च्या वेगानं फेकला तर एका सेकंदानं तो २५ − ५ = २० मीटरवर, म्हणजे गच्चीपाशी, आणि वेग १५. गच्चीवरून फेकलेल्या चेंडूची वाट मागं वाढवली तर ती एक सेकंद आधी जमिनीला टेकते, एवढंच ते समीकरण सांगतंय. आपण घड्याळ फेकल्यापासून सुरू केलं म्हणून ते उत्तर सोडून द्यायचं. वेळ उणे असूच शकत नाही म्हणून नव्हे.

हे मला स्वतःला कळलं तेव्हा मी शिकवायला लागून सहा-सात वर्षं झाली होती. सातवीतल्या, हो सातवीतल्याच, एका मुलीनं विचारलं होतं, "गुरुजी, ते दुसरं उत्तर कुणाचं?" त्या दिवशी मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर काढून दाखवलं. ती मुलगी आता कुठं आहे माहीत नाही, पण तिचा प्रश्न मी दरवर्षी वर्गात सांगितला.

खानापूर_पीयूसी

सर, दोन दिवस लाईट जाऊन-येऊन होती म्हणून उशीर झाला. पण प्रयोग केला!

आजीच्या खोलीतली एक मीटर लांबीची फळी घेतली, बहिणीनं टेपनं मोजलं. कंपास पत्र्याचा आहे. पाच वेळा केलं. सुटताना उंची ३० ते ३२ सेंटिमीटर येत होती, बहुतेकदा ३१. जमिनीवरचं अंतर ९५. ३१ भागिले ९५ म्हणजे ०.३३ च्या जवळ. मग कंपासमध्ये तांदूळ भरून जड केला. मला वाटलं आता आधी सुटेल, बहीण म्हणाली उशिरा सुटेल. तरी ३१लाच सुटला. मग वहीत मांडून बघितलं. सुटायच्या क्षणाला एमजी साईन थीटा = म्यू एमजी कॉस थीटा, दोन्हीकडून एमजी जातो, राहतं साईन भागिले कॉस, म्हणजे उंची भागिले अंतर. मग कळलं की उद्यमबागच्या दादांनी सांगितलेलं का बरोबर आहे. तांदळाचा विषयच येत नाही.

एक शंका. सुटल्यावर मी लगेच फळी थोडी खाली केली, २८ सेंटिमीटरवर, तरी कंपास घसरतच राहिला. पण २८लाच ठेवून पहिल्यापासून केलं तर हलत नाही. असं का?

दोरीचं गणित पण तयार केलंय: तेच पोतं, तोच उतार, फळीला समांतर दोरीनं एकसारख्या वेगानं वर ओढायचं. एकसारखा वेग म्हणजे त्वरण शून्य (निपाणीच्या अक्कांचं पान!). दोरी वर, वजनाचा तुकडा खाली २४५, घर्षण पण खाली ८५. म्हणून दोरीचा ताण ३३० न्यूटन. बरोबर आहे का?

जुना_विज्ञान_शिक्षक

३३० अगदी बरोबर. आणि बघ, पोतं सरळ उचललं असतं तर ४९० लागले असते. म्हणून तर फळी लावतात.

तुझ्या शंकेचं उत्तर उद्यमबागच्या भावानं आधीच लिहिलंय: एकदा सुटलं की थांबत नाही. बसलेल्या वस्तूला हलवायला जेवढा जोर लावावा लागतो, त्यापेक्षा सरकत्या वस्तूला सरकतं ठेवायला बहुधा कमी लागतो. म्हणून म्यू दोन असतात. बसलेल्याचा स्थैतिक, सरकत्याचा गतिक. तू ३१ सेंटिमीटरला काढलास तो स्थैतिक. गतिक त्याहून लहान आहे हे तुझ्या २८ सेंटिमीटरनं दाखवलं. तुझ्या पुस्तकातला ०.२ गतिक होता, कारण ब्लॉक घसरत होता.

आता एक गणित माझ्याकडून. लोंढ्याच्या पुढं कॅसलरॉकपासून कुळ्यापर्यंत गोव्याकडं उतरणारा ब्रागांझा घाट आहे, दूधसागर त्याच वाटेवर. तिथल्या रुळाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर १ मीटर उंची. खालून वर येणाऱ्या जड गाडीला मागूनही इंजिनं लावावी लागतात. गाडी १००० टनांची धर. घर्षण सोडून दे. नुसता चढ चढायला किती बल लागेल? आणि त्या चढावर अभिलंब बल किती, तेही काढ. दुसरा प्रश्न मुद्दाम विचारतोय.

खानापूर_पीयूसी

सर, बसमध्येच केलं. कागद गुडघ्यावर ठेवून, म्हणून आकृती वाकडी आली.

१००० टन म्हणजे १० लाख किलो. वजन ९८ लाख न्यूटन. ३७ला १ हे साईन का टॅन यात अडले. रुळावरून ३७ मीटर गेलं तर साईन, जमिनीवर आडवं ३७ गेलं तर टॅन. दोन्ही करून बघितलं, कोन दीड अंशाच्या थोडा वर येतो दोन्हीकडं, फरक दिसतच नाही. मग साईनच धरला. ९८ लाख भागिले ३७ = सुमारे २ लाख ६५ हजार न्यूटन. ९.८ नं भागलं तर २७ टनांच्या वजनाएवढं. म्हणजे २७ टन सरळ उचलून धरल्यासारखं, आणि ते पूर्ण घाटभर! एवढा बारीक चढ, डोळ्याला दिसणार पण नाही.

अभिलंब बल: कॉस काढायला साईनचा वर्ग १ मधून वजा केला आणि वर्गमूळ घेतलं, ०.९९९६ आलं. ९८ लाखांतून जेमतेम साडेतीन हजार न्यूटन कमी. म्हणजे तिथं मी नॉर्मल बरोबर एमजी धरलं असतं तरी उत्तर बरोबरच आलं असतं, चूक कळली पण नसती. ३० अंशाला ती उघडी पडली. म्हणून तुम्ही दुसरा प्रश्न विचारला ना?

आणि मग मी फळी उलटी नेऊन बघितली, सर. आडवी करत करत. जशी आडवी होईल तसा अभिलंब वजनाजवळ जातो, आणि खाली ओढणारा तुकडा शून्याकडं. रूळ म्हणजे जवळजवळ आडवी फळीच.

सोमवारपासून पुलीचा धडा आहे. दोन पोती, एक दोरी. दोन्ही एकटी-एकटी काढायची, म्हणजे दोन आकृत्या, बरोबर ना?

जुना_विज्ञान_शिक्षक

होय. दोन आकृत्या. आणि दोरीचा ताण दोन्हींत सारखाच लिही, लाइट स्ट्रिंग असेल आणि पुली स्मूथ असेल तर.